मोर्न सिट्रोंचं चाळीस पौंडी बाळ

आमच्या देशात वर्ष एकतीस डिसेंबरला दुपारी बारा वाजता संपतं. कॅलेंडरात ते मध्यरात्रीपर्यंत असतं, पण दुपारनंतर जे काही होतं ते रमच्या खात्यात जातं आणि त्याची जबाबदारी कोणी घेत नाही. वर्ष संपल्याचं जाहीर करायचं काम रेडिओचं. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मिस्टर ऑल्डविन प्रॉस्पेर रेडिओवर घसा खाकरतात, आणि कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या एवढ्याशा बेटावर जिथे जिथे घर आहे तिथे तिथे भांड्यांचा आवाज थांबतो.

कार्यक्रमाचे तीन भाग. आधी देशातल्या घटना, मग जन्म, मग मृत्यू.

घटना फार नसतात. एका वर्षी राजधानीतल्या दुकानात देशातला पहिला सरकता जिना सुरू झाला आणि त्याच आठवड्यात बंद पडला. मिस्टर प्रॉस्पेर यांनी त्या दोन वेगळ्या घटना धरल्या. मृत्यू मात्र सगळे वाचतात, गावागणिक, टोपणनावासकट, कारण टोपणनाव सांगितल्याशिवाय कोण गेलं ते शेजाऱ्यालाही कळत नाही. जन्म सगळे वाचायला वेळ पुरत नाही. म्हणून प्रत्येक गावाने वर्षातला एकच उल्लेखनीय जन्म कळवायचा, असा नियम आहे. आत्ताच जन्मलेल्या बाळाने उल्लेखनीय असं काय केलेलं असतं, हे मी एकदा मिस्टर प्रॉस्पेर यांना विचारलं होतं. "आजीला विचारा," असं ते म्हणाले.

त्यात तथ्य होतं. मोठ्या गावांत डिसेंबर लागला की आज्यांची भांडणं सुरू होतात. कोणाचं बाळ दात घेऊन आलेलं असतं, कोणाचं स्वातंत्र्यदिनी झेंडा वर जाताना, कोणाचं फेरीबोटीत. आमच्या पलीकडच्या खोऱ्यात बेलफाँतेन नावाचं गाव आहे. तिथे एका वर्षी सात बाळं झाली. निवड होईपर्यंत चर्चमध्ये तिथल्या सात आज्या सात वेगळ्या बाकांवर बसत होत्या.

आमच्या गावात, मोर्न सिट्रोंमध्ये, हा प्रश्नच नव्हता. मी तिथल्या आरोग्य केंद्राची नर्स. गावातली तरुण मुलं बोटीने शेजारच्या ग्वादलूप बेटावर नाहीतर विमानाने इंग्लंडला गेली होती आणि मागे राहिलेल्यांचं मी रक्तदाब मोजायचं आणि शेवटी डोळे मिटायचं काम करत होते. बाळाचा वजनकाटा होता. त्याच्यावर मी कधीकधी कांदे मोजायचे. अकरा वर्षांत मोर्न सिट्रोंमध्ये एकही मूल जन्मलं नव्हतं. रेडिओवर जन्मांची यादी आमच्या गावापर्यंत आली की मिस्टर प्रॉस्पेर "मोर्न सिट्रों" असं म्हणून एक श्वास घेत आणि म्हणत, "नोंद नाही." मग मृत्यूंमध्ये पुन्हा आमचं नाव येई. तिथे त्यांना दोनदा पाणी प्यावं लागे.

"येत कोणी नाही आणि जातात मात्र ढीगभर," मा इझमेन म्हणायची. "लोकांना वाटेल, आम्ही मेलेली माणसं बाहेरून मागवतो."

मा इझमेन गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. शहाण्णव वर्षांची, काठीसारखी सरळ. डाव्या कानाने तिला ऐकू येत नसे आणि उजव्या कानाने तिला जे नको असेल ते ऐकू येत नसे. मरणाची तिची तयारी केव्हाच झाली होती. जांभळा पोशाख शिवून कपाटात टांगलेला होता, हॅटसकट. अडचण एकच होती, आणि ती तिने सगळ्या गावाला सांगून ठेवली होती.

"मृत्यूंच्या यादीत जायला माझी ना नाही. पण त्याआधी त्या प्रॉस्पेरने एकदा, एकदाच, आपल्या गावाच्या नावापुढे बाळ म्हणावं. 'नोंद नाही' हे कानात घेऊन मी देवासमोर जाणार नाही. तो विचारेल, इझमेन, तुझं गाव कुठलं? मी काय सांगू?"

मग शर्नेल परत आली. शर्नेल म्हणजे मा इझमेनच्या नातवाची मुलगी. ग्वादलूपच्या हॉटेलात चादरी बदलून कंटाळली आणि नवऱ्याला, अर्विनला, घेऊन पणजीच्या घरी राहायला आली. अर्विनने मागच्या उतारावर अळकुड्या लावल्या. मे महिन्यात शर्नेल माझ्याकडे तपासायला आली, आणि ती केंद्राच्या पायऱ्या उतरायच्या आत गावाला कळलं. कसं, ते मला माहीत नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मी फक्त काट्यावरचे कांदे काढून ठेवले होते.

"कधी?" मा इझमेनने विचारलं.

"जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात," मी म्हटलं.

"डिसेंबर."

"मा, जानेवारी. मी नीट हिशोब केलाय."

"नर्स, तुला मुलं किती?"

"एकही नाही."

"मला नऊ. डिसेंबर."

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला तसं गाव कामाला लागलं. शर्नेलला रोज चर्चच्या पायऱ्या चढवून उतरवत. मिरचीचं सूप घरोघरून येई आणि प्रत्येक घराचं सूप आधीच्या घरापेक्षा जहाल असे. गावपरिषदेचे अध्यक्ष मिस्टर फिट्झरॉय यांनी आपली जीप देऊ केली. आमचा रस्ता इतका वाईट आहे की त्यावरून नेलेलं दूध लोणी होऊन पोहोचतं. परिषद सहा वर्षं दुरुस्तीसाठी अर्ज करत होती. नेमका त्याच आठवड्यात खडीचा ट्रक आला, आणि मिस्टर फिट्झरॉय यांनी तो "आता नको, जानेवारीत या" म्हणून परत पाठवला. जीपची फेरी मी बंद केली. पायऱ्याही बंद केल्या. सूप मला बंद करता आलं नाही, कारण ते मागच्या दाराने यायचं.

"नर्स, तुझं काय जातं दोन-चार दिवस अलीकडे केलं तर?" मिस्टर फिट्झरॉय मला म्हणाले.

"माझ्या हातात नाही ते."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"बाळाच्या."

"बाळ कुठल्या गावचं आहे? आपल्याच ना? मग त्याने गावाचा विचार करायला नको?"

आता निरोपाची व्यवस्था सांगायला हवी. आमच्या खोऱ्यात मोबाइल लागत नाही. फोनच्या तारेचा खांब एका वादळात पडला तो अजून पडलेलाच आहे. फोन लागतो तो वर डोंगराच्या धारेवर, एका ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली, आणि तिथे हेस्केथ बसलेला असतो. त्याला सगळे टेलिफोनच म्हणतात. तर ठरलं असं, की बाळ झालं की अर्विनने अंगणात शंख फुंकायचा, हेस्केथने तो धारेवर ऐकायचा आणि रेडिओला फोन करायचा. हेस्केथने मिस्टर प्रॉस्पेर यांच्याशी आधीच बोलून ठेवलं. एकतीस तारखेला गावात दुसऱ्या कोणी कुठल्याही कारणाने शंख फुंकायचा नाही, असं मिस्टर फिट्झरॉय यांनी घरोघर जाऊन बजावलं. सगळ्या घरांत गेले ते. गावाबाहेरच्या कोणाला सांगायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

एकतीसच्या सकाळी शर्नेलच्या पोटात कळा आल्या. मी तपासलं. कळा बाळाच्या नव्हत्या, सुपाच्या होत्या. मी तसं सांगितलंही. पण 'पोटात कळा' एवढे दोन शब्द खिडकीतून बाहेर पडले आणि 'सुपाच्या' आतच राहिला. अंगणात खुर्च्या आल्या. कोणी काळा केक आणला, कोणी आल्याची बिअर. हेस्केथने धारेवरून फोन केला असणार, कारण दहा वाजता मिस्टर प्रॉस्पेर घसा खाकरून म्हणाले, "सभ्य स्त्री-पुरुषहो, आज प्रथमच आपण क्रम बदलत आहोत. घटना, त्यानंतर मृत्यू, आणि शेवटी जन्म. कारण मोर्न सिट्रोंमध्ये एक माता या क्षणी देशाच्या वर्षात भर घालत आहे."

शर्नेल पलंगावर केक खात होती. तिने बशी खाली ठेवली.

"नर्स, सगळा देश ऐकतोय?"

"तू लक्ष देऊ नकोस. पाय वर घे."

"मी ढकलू का थोडं?"

"केक खा."

मा इझमेन पलंगाच्या उशाशी, उजवा कान रेडिओला लावून बसली होती. तिने चर्चचा पांढरा ब्लाउज घातला होता. हात मांडीवर, बोटं एकमेकांत घट्ट. घटना झाल्या. मंत्र्यांची जीप नदीत पडली ती, आणि निघाली ती. मृत्यू झाले. आमच्या गावातून या वर्षी चौघे, आणि प्रत्येक नावाला तिने मान हलवली, जणू हजेरी घेत होती. मग जन्म सुरू झाले. बेलफाँतेनमधून मा क्लोटिल्डचा पणतू, जन्मतः डोक्यावर दाट केस.

"केस!" मा इझमेन म्हणाली. "केस तर नारळालाही असतात."

मिस्टर प्रॉस्पेर यांनी आमचं गाव मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. बाराला पाच मिनिटं असताना ते तिथे पोहोचले. बारा वाजता पंतप्रधानांचा संदेश असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही.

"मोर्न सिट्रों," ते म्हणाले, आणि त्यांनी श्वास घेतला.

मा इझमेनने डोळे मिटले.

आणि खोऱ्यात शंख वाजला. लांब, खोल, दोनदा.

मी दाराकडे पाहिलं. दारात अर्विन उभा होता. शंख त्याच्या हातात होता आणि तो शंखाकडे असा पाहत होता, की जणू त्याला न विचारताच तो बोलला होता.

"मी नाही," अर्विन म्हणाला.

"थांबा! फोन येतोय!" रेडिओ म्हणाला. मग खरखर, आणि मग हेस्केथ, सगळ्या देशासमोर, "झालं! मिस्टर प्रॉस्पेर, झालं! शंख वाजला!"

अंगणातून असा ओरडा उठला की कोंबड्या छपरावर गेल्या.

"अभिनंदन, मोर्न सिट्रों! अकरा वर्षांनी! वजन किती?"

"थांबा, विचारतो." हेस्केथ खालच्या वळणाकडे तोंड करून ओरडला. तो आम्हाला खिडकीतूनही ऐकू आला आणि रेडिओतूनही. "वजन किती?"

थोडा वेळ गेला.

"चाळीस पौंड," हेस्केथ म्हणाला.



"चाळीस?" मिस्टर प्रॉस्पेर यांनी विचारलं.

"चाळीस म्हणतायत. एकदम ताजं आहे म्हणतायत."

"नवजात आहे, ताजं असणारच," मिस्टर प्रॉस्पेर म्हणाले. मात्र त्यांच्या आवाजातला रस्ता जरा खडबडीत झाला होता. "मुलगा की मुलगी?"

हेस्केथ पुन्हा ओरडला. उत्तर आलं.

"ते नाही सांगत. डोकं कोणाला हवं असेल तर आत्ताच सांगा, म्हणतायत."

आम्हाला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं की न जुळणारा आकडा आला तर तो टाकून देऊ नये, त्याच्याजवळ थांबावं, तोच काहीतरी सांगत असतो. पण बारा वाजायला आले होते.

"आनंदात माणूस काहीही बोलतो," मिस्टर प्रॉस्पेर म्हणाले. "वजन आपण सोडून देऊ, काट्याची चूक दिसते. मोर्न सिट्रों, एक बाळ. तपशील अजून हाती नाही. आणि आता माननीय पंतप्रधान."

आकडा त्यांनी टाकला आणि बाळ ठेवलं. माझ्या काट्यावर मात्र उगाच ठपका आला.

"नर्स," शर्नेल अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी बाळंत झाले का?"

"नाही."

"नक्की?"

"माझा हात तुझ्या पोटावर आहे. आत्ताच लाथ बसली."

मा इझमेनने डोळे उघडले. ते भरून आले होते.

"म्हणाला ना गं तो? 'नोंद नाही' नाही म्हणाला?"

"नाही म्हणाला, मा. एक बाळ म्हणाला."

"एक बाळ," ती म्हणाली. तिने ब्लाउजच्या बाहीने तोंड पुसलं, मग इकडेतिकडे पाहिलं, पलंगाखालीही पाहिलं. "मग आहे कुठे ते?"

तेवढ्यात फाटकाशी एक पिकअप थांबला. बोनीफास नावाचा किनाऱ्यावरचा मासळीवाला होता तो. मागे बर्फावर एक ट्यूना पडला होता, चाळीस पौंडांचा, खरोखर एकदम ताजा. मासळी आली हे कळावं म्हणून बोनीफास दर फेरीला वळणावर दोनदा शंख फुंकतो, त्याचे वडीलही फुंकायचे. अंगणातली गर्दी, पताका, केक बघून त्याने टोपी काढली.

"कोण गेलं?" त्याने हळूच विचारलं.

त्याला मारायला चारजण धावले. मग त्यांना मासा दिसला आणि ते रांगेत उभे राहिले. डोकं अखेर मिस्टर फिट्झरॉय यांनी घेतलं.

रेडिओला कळवायचं कसं, यावर पंतप्रधानांचं भाषण संपेपर्यंत चर्चा झाली. हेस्केथ धारेवरून खाली आला होता आणि कोणाच्याच डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. त्याला पुन्हा वर पाठवलं. रेडिओवर कोणी फोन उचलेना. वर्ष संपलं होतं.

दुपारी मा क्लोटिल्ड आली. बेलफाँतेनहून, हॅट घालून, हातात टोपली, डोंगर ओलांडून, ऐंशी वर्षांची बाई. "बाळ बघायला आले," ती म्हणाली. मा इझमेनने माझ्याकडे न बघता शर्नेलला आतल्या खोलीत पाठवलं आणि दार ओढून घेतलं.

"झोपलंय," मा इझमेन म्हणाली.

"कुठे?"

"आत."

"मी नुसतं डोकावते."

"डोकावून दिसायचं नाही, क्लोटिल्ड. फार आत आहे."

मा क्लोटिल्ड खुर्चीत बसली. तिने आल्याची बिअर घेतली, घोट घोट, कान दाराकडे ठेवून.

"चाळीस पौंडांचं पोर आणि रडण्याचा आवाज नाही?"

"आमच्याकडची मुलं शांत असतात. तुमच्यासारखी नुसते केस मिरवत नाहीत."

"नर्स, तू सांग," मा क्लोटिल्ड माझ्याकडे वळली. "ही थापा मारते. लहानपणापासून मारते. तू नाही मारत. कसं आहे बाळ?"

"तब्येत उत्तम आहे," मी म्हटलं. "ठोके मी सकाळीच ऐकले. हात-पाय जोरात हलवतंय."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मा क्लोटिल्डने बिअर संपवली. मग टोपली टेबलावर ठेवून निघून गेली. टोपलीत लोकरीचे मोजे होते, चाळीस पौंडांच्या बाळाच्या मापाचे. ते पुढे अर्विनने वापरले.

बाळ तीन जानेवारीला नाश्त्याच्या वेळी झालं. मुलगी, सव्वासात पौंड. माझ्या काट्यावर मी तिला दोनदा ठेवलं, एकदा कामासाठी आणि एकदा हौसेने. अर्विनने शंख फुंकला. गावातून कोणी आलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं बोनीफास आला, आणि दोघीतिघी तर भांडं घेऊन रस्त्यावर गेल्या.

संध्याकाळी मी जन्माचा कागद भरायला बसले, तेव्हा व्हरांड्यात परिषद भरली होती. मिस्टर फिट्झरॉय स्वच्छ शर्ट घालून आले होते.

"नर्स, तारीख एकतीस डिसेंबर घाल."

"तीन जानेवारी आहे."

"अगं, रेडिओ बोललाय. देशाने ऐकलंय. आता आपण म्हणायचं की ते बाळ नव्हतं, मासा होता? बेलफाँतेनवाले आपल्या नातवंडांच्या नातवंडांना सांगतील."

"अध्यक्षसाहेब, मी तिला आज सकाळी या हातांत घेतलं. एकतीसला माझ्या हातात केकची बशी होती."

"तीन दिवसांनी काय बिघडतं? मोठी झाली की ती तुझे आभार मानेल, तीन दिवस आधी पेन्शन मिळेल!"

हेस्केथ कठड्यावर बसला होता. "घाला ना नर्स," तो म्हणाला. "मला सगळे ट्यूना म्हणायला लागलेत."

सगळे मा इझमेनकडे बघायला लागले. ती खुर्चीत बसली होती, बाळ तिच्या मांडीवर. तिने सकाळपासून ते कोणाला दिलं नव्हतं.

"नर्स," ती म्हणाली, आणि हा तिचा नेहमीचा आवाज नव्हता, "एकतीस घाल. मी कधी कोणाकडे काही मागितलं नाही. मी ते ऐकलंय. आता ते खोटं होतं असं मला कोणी सांगू नये. मी थकलेय गं. पोशाख टांगलाय."

 सत्तावीस वर्षं मी त्या कागदावर फक्त झालेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. दुसरं काही कसं लिहायचं ते मला येतच नव्हतं.

"मा," मी म्हटलं, "एकतीसला त्यांनी काय वाचलं? एक बाळ. तपशील नाही. नाव नाही, मुलगी आहे ते नाही, काही नाही. मी एकतीस घातलं तर ते तसंच राहील. मिस्टर प्रॉस्पेरनी एकदा वाचलं, संपलं."

"मग?"

"तीन जानेवारी घातलं तर ती या वर्षाची होते. या वर्षाचा कार्यक्रम अजून व्हायचाय."

मा इझमेनने मान वर केली. तिचा उजवा कान माझ्याकडे वळला.

"पुन्हा वाचेल तो?"

"वाचावं लागेल."

"नाव घेऊन? पूर्ण नाव?"

"पूर्ण नाव. वजनही."

"म्हणजे एकाच पोरीचं दोनदा. दोन वर्षं." ती थांबली. तिच्या तोंडावर सुरकुत्या हळूहळू जागा बदलू लागल्या. "बेलफाँतेनला सात पोरं होतात तेव्हा एकदा वाचतात."

"हो."

"घाल खरी तारीख," मा इझमेन म्हणाली. "खोटं लिहून कोणाचं भलं झालंय, फिट्झरॉय? लाज नाही वाटत?" मग तिच्या ध्यानात आलं. ती बाळाकडे बघून म्हणाली, "पण आळशी बाई, आता मला वर्षभर जगावं लागणार की!"

आणि ती जगायला लागली. मी तसं जगणं दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही. जांभळा पोशाख कपाटाच्या मागच्या बाजूला गेला. ती वेळेवर लापशी खायची, गोळ्या मोजून घ्यायची, पायऱ्या चढायची नाही. आधी गावाने बाळाला अलीकडे ओढलं होतं, आता गाव मा इझमेनला मागे धरून होतं. तिच्या दारापुढचं शेवाळ घासायला पाळी लागली. बोनीफास तिच्यासाठी माशाचं डोकं फुकट आणायचा आणि आमच्या वळणावर शंखाऐवजी हॉर्न वाजवायचा.

ऑगस्टमध्ये तिला ताप भरला. छातीत घरघर लागली. फादर मरणाआधीचं पवित्र तेल लावायला आले, तर ती म्हणाली, "डिसेंबरनंतर या, फादर." पण तिसऱ्या दिवशी तिचा हात माझ्या हातात फार हलका लागला. मी धारेवर गेले आणि मिस्टर प्रॉस्पेर यांना फोन केला. एवढी एक नोंद आधी वाचता येईल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, एका शहाण्णव वर्षांच्या बाईसाठी ते करतील. मी धावत खाली येऊन तिला सांगितलं.

"सत्त्याण्णव," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसता श्वास. "नको. गेल्या वेळी घाई केली म्हणून मासा झाला. त्याला म्हणावं, वेळ झाली की वाच. मी आहे."

तापच गेला. तिच्यापुढे त्याचं चाललं नाही.

एकतीस डिसेंबरला पुन्हा खुर्च्या आल्या. बाळ आता एका खुर्चीपासून दुसऱ्या खुर्चीपर्यंत धरून धरून चालत होतं आणि माणसं थांबवत नव्हती म्हणून केक खात होतं. मा क्लोटिल्डही आली होती, आपल्या कानांनी ऐकायला. घटना झाल्या. सरकता जिना दुरुस्त झाला होता. मग जन्म, नेहमीच्या क्रमाने. बेलफाँतेनची पाच बाळं, निवड झालेलं एक.

"मोर्न सिट्रों," मिस्टर प्रॉस्पेर म्हणाले, आणि त्यांनी श्वास घेतला.

कोणी हललं नाही. हेस्केथने दोन्ही हातांनी स्वतःचा फोन घट्ट धरून ठेवला होता, तो चुकून लागू नये म्हणून.

"प्रथम एक दुरुस्ती. गेल्या वर्षी या गावातून कळवलेला जन्म हा जन्म नसून ट्यूना होता. श्रोत्यांनी तशी नोंद घ्यावी. आता या वर्षाचा जन्म. तेरेझ इझमेन लाफाँ, मुलगी, तीन जानेवारी, सात पौंड. आई शर्नेल, वडील अर्विन, पणजी," आणि इथे ते जरा थांबले, "पणजीची आई, असं म्हणू या, मा इझमेन, जी हे ऐकत आहे."

अंगणात आधी कोणी ओरडलंच नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. ती सरळ बसून होती, हात मांडीवर, बोटं सुटी.

"पणजीची आई कसली, मीच पणजी," ती म्हणाली. मग मा क्लोटिल्डकडे वळून, "दोनदा ऐकलंस ना?"

"एकदा मासाच होता की!" मा क्लोटिल्ड म्हणाली.

"पण गावाचं नाव घेतलंच ना?"

मग ओरडा झाला, कोंबड्या छपरावर गेल्या, अर्विनने शंख फुंकला. रेडिओवर मृत्यू सुरू झाले होते ते कोणाला ऐकू आले नाहीत. मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं, आता ती पोशाखाबद्दल बोलेल.

"नर्स," ती म्हणाली, "सात पौंड म्हणाला तो?"

"हो, मा."

"तू मला सव्वासात सांगितलं होतंस."

"सव्वासातच आहे. कागदावर मी सव्वासात लिहिलंय."

"म्हणजे तो चुकला."

"पाव पौंडाने चुकला."

"चूक ती चूक," मा इझमेन म्हणाली. तिचे डोळे एकदम लहान आणि फार चमकदार झाले. "मग पुढच्या वर्षी दुरुस्ती वाचावी लागेल त्याला." आणि तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "शर्नेल! माझी लापशी कुठाय? आणि ते शेवाळ! आज कोणाची पाळी होती?"